अर्ध्या फळ्याचे छायाचित्र

मी विधी महाविद्यालयातील एक फळा बोलतो आहे. सुताराने मला आकार दिला खरा, परंतु मला अर्थ दिला तो एका प्राध्यापकांनी. वर्गात येताच ते माझ्या मधोमध उभी रेघ ओढत. डावीकडे सरकारचे म्हणणे, उजवीकडे नागरिकाचे. दोन्ही सारख्याच तळमळीने मांडत. "सर, तुमचं मत काय?" असे कोणी विचारलेच, तर म्हणत, "ते घरी ठेवून आलोय. तुमचं काढा बाहेर!"

अलीकडेच सरकारने मुख्य विधी सल्लागाराच्या पदासाठी त्यांचे नाव सुचवले. निवड समितीची मान्यता तेवढी उरली होती. इतक्यात कोणीतरी माझे छायाचित्र पसरवले. तेही केवळ डाव्या अंगाचे. त्यात सरांच्या अक्षरात लिहिलेले होते : 'संशयितास चौकशीविना डांबणे योग्य आहे.' जिकडेतिकडे बोभाटा झाला.

त्यांच्या मुलीने त्यांना रिकाम्या वर्गात गाठले. "बाबा, 'ते माझं मत नाही' एवढंच म्हणा समितीपुढे. जीभ झिजणार आहे का?"

"डावीकडचं माझं नाही म्हटलं, की उजवीकडचं माझं ठरलं. मग मुलं तेच घोकून मला ऐकवतील."

"आणि पद?"

"हवंय गं. फार हवंय." असे म्हणून ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मलाच तेवढे दिसले.

समितीने मत विचारले. "पदावर आलो, तर प्रत्येक प्रकरण पाहून मत देईन. वर्गातल्या प्रश्नावर देणार नाही," असे ते उत्तरले. समितीने त्यांचे नाव फेटाळले.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुन्न होता. सरांनी रेघ ओढली आणि विषय लिहिला : 'प्रस्तुत प्राध्यापक त्या पदास पात्र होता काय?'

"विरुद्ध बाजूनं कोण बोलतंय? अरे, माझी शोकसभा नाहीये ही!"

अखेर एक विद्यार्थिनी उठली. "जो आपलं मत सांगत नाही, त्याच्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?"

सरांनी तो प्रश्न सुवाच्य अक्षरांत माझ्यावर उतरवला. म्हणाले, "छान. याला माझ्याकडेही चटकन उत्तर नाही." मग त्यांनी दुसरी बाजू मागितली. तास संपला, तेव्हा मी काठोकाठ भरलो होतो. त्या दिवशी प्रथमच ते मला न पुसता निघून गेले.

आता माझ्या जागी डिजिटल पडदा बसायचा आहे. माझी तक्रार नाही. पुसले जाणे हा माझा धर्मच. वाचकहो, विनंती एवढीच : पुसण्यापूर्वी मला पुरता वाचा.