आपल्या पट्टीवर चार

बंदराच्या कचेरीत पाण्याची उंची मोजणाऱ्या बाईला सगळे पट्टीवाली म्हणत. धक्क्याच्या शेवटच्या खांबावर आकडे रंगवलेले होते, तीच ती पट्टी. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते दर अर्ध्या तासाने बघायचं आणि लिहून ठेवायचं, हे तिचं काम. खालच्या गल्लीतल्या लोकांना एक वेळ पोराबाळांचे वाढदिवस आठवणार नाहीत, पण आपला उंबरा पट्टीच्या कितव्या आकड्याला येतो ते तोंडपाठ. गल्ली तीनवर. भरतीचं पाणी दोनवर, फार तर अडीचवर येतं आणि आल्या वाटेने परत जातं.

वादळ दुपारी चारच्या सुमारास किनाऱ्यावर येणार होतं, ऐन भरतीला. सकाळी वेधशाळेचा इशारा आला: वारा ताशी दीडशे किलोमीटर, पत्रे उडतील, झाडं उन्मळतील, पाणी अडीच मीटर चढेल. आता वेधशाळा मोजते समुद्राच्या सरासरी पातळीपासून, आणि बंदराची पट्टी सुरू होते सगळ्यात खालच्या ओहोटीपासून. दोन्हींत दीड मीटरचा फरक. म्हणून पट्टीवालीने नेहमीसारखी खाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली: 'आपल्या पट्टीवर चार.' म्हणजे गल्लीतल्या घराघरांत कमरेएवढं पाणी, आणि वर लाटा.

साहेबांनी ती ओळ काढून टाकली.

दहा वाजता भोंग्याची गाडी ओरडत गेली, "पाणी अडीच मीटरपर्यंत चढण्याची शक्यता आहे. घाबरू नये, सावध राहावे." पट्टीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, माझी ओळ कुठे गेली?"

"अहो, एका निवेदनात दोन दोन आकडे? लोकांचा गोंधळ होतो."

"गोंधळ आत्ता होतोय! गल्लीवाले पट्टीवरचं अडीच समजणार. उंबऱ्याखालीच राहतंय म्हणून घरात बसणार."

"वेधशाळेचा आकडा जसाच्या तसा गेलाय," साहेब कागदांवर वजन ठेवत म्हणाले. "माझ्या बाजूने चूक नाही."

चूक नाही! बाहेर येऊन तिने भोंगेवाल्याला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, सहीशिक्क्याचा कागद द्या, घसा फुटेस्तोवर ओरडतो." कागद कोण देणार? ती पुन्हा साहेबांकडे गेली, मग मोठ्या कचेरीला फोन लावत बसली, मग पुन्हा साहेबांकडे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. साडेबाराला ती खुर्ची सोडून गल्लीकडे धावत सुटली. ऐन वादळात जागा सोडली म्हणून काय व्हायचं ते होवो, खाली तिचे वडील होते.

आप्पा जुने होडीसुतार. खांबावरचे आकडेही दर वर्षी तेच रंगवत. ते खिडकीला फळ्या ठोकत होते.

"आप्पा, चला. वरच्या शाळेत निवाऱ्याची सोय केलीय."

"कशाला? भोंगा अडीच म्हणतोय, आपण तीनवर. अख्ख्या गल्लीला सांगून आलोय मी, निवांत बसा म्हणून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. जाळेवाला तर वहिनींना घेऊन सकाळीच शाळेत जाऊन बसला होता. अंथरुणाला खिळलेलं माणूस, त्या गार फरशीवर कशाला झोपवायचं? घेऊन आलो आम्ही दोघं परत, हातगाडीवरून."

जाळेवाले काका म्हणजे जाळी विणणारे, आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. गल्लीच्या टोकाला राहायचे. पट्टीवालीने डोक्याला हात लावला.

"आप्पा, ते अडीच वेधशाळेचे. आपल्या पट्टीवर चार."

आप्पांचा हातोडा तसाच राहिला. त्यांना आणखी उलगडून सांगावं लागलं नाही. ते असे भडकले की शब्द धड फुटेनात. "मग तसं बोंबलायला काय झालंय त्यांना? आमच्या बंदरात आमच्या आकड्यात बोलायची लाज वाटते?"

आप्पांचा शब्द गल्लीत काळ्या दगडावरची रेघ. तो पुसायला तेच दारोदार धावले. "मी चुकलो, उठा, निघा!" पण सकाळी निवांत बसा म्हणणारा माणूस दुपारी दारं बडवतो, तेव्हा लोक लगेच कसे हलणार? "आप्पा, एक काय ते ठरवा," म्हणत म्हणत लोकांनी वेळ काढला. गल्ली रिकामी होईपर्यंत तीन वाजले. वारा पत्र्यांना हात घालत होता आणि पाणी उंबऱ्यांच्या आत आलं होतं.

काकांचं घर शेवटचं. पाण्यात हातगाडी ढकलता येईना. शेवटी घराचं दार बिजागरीतून उखडलं, त्यावर काकूंना निजवलं आणि चौघांनी मांडीभर पाण्यातून, वाऱ्याशी झटत शाळेत नेलं. काकू नखशिखांत भिजल्या होत्या, दात वाजत होते.

"शेवटी आणलंत ते इथेच ना?" त्या कशाबशा हसल्या.

गल्लीत कुणी बुडालं नाही. तिसऱ्या दिवशी काकू शाळेतच वारल्या, छातीत कफ भरून.

त्याच दुपारी कचेरीत अहवाल लागला: 'वेळेवर दिलेल्या सूचनेमुळे जीवितहानी शून्य.' पट्टीवाली तो वाचून साहेबांसमोर उभी राहिली.

"आणि जाळेवाल्या काकू?"

"वय झालं होतं हो त्यांचं. आजारी होत्याच. वादळात कशा धरायच्या?"

"शाळेत होत्या त्या, साहेब. कोरड्या, सुखरूप. तुमच्या अडीचने खाली आणल्या."

"खाली आणा असं कुणी सांगितलं होतं?" साहेबांनी काखा वर केल्या आणि तिच्यापुढे एक कागद सरकवला. वादळाच्या दिवशी साडेबारानंतर कामाच्या जागेवर का नव्हतात, याचा लेखी खुलासा करावा.

कागद मुठीत चुरगाळून ती गल्लीत आली. काका आपल्या घराच्या पायरीवर बसले होते. आत आप्पा घमेल्याने चिखल उपसत होते. सकाळपासून काका त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि आप्पांनी तोंड उघडायची हिंमत केली नव्हती. तिला हे बघवेना. ज्याने ओळ खोडली तो पंख्याखाली बसलाय, आणि मान खाली घालून चिखल काढतायत ते आप्पा!

"काका, आप्पांचा दोष नाही हो," ती म्हणाली. "साहेबांनी माझी ओळ काढली. त्यांना जाब विचारा. मी येते बरोबर."

काकांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता.

"तुझ्या साहेबाला मी कधी बघितलंसुद्धा नाही, बाळा. भोंगा ऐकून मी शाळेतून हललो नव्हतो. मी ह्याचं ऐकलं."