व्हरांड्यातली डोणी

मी डोणी बोलतेय. संग्रहालयात शिरताना जिच्या काठावर तुम्ही पिशवी टेकवायला जाता आणि पहारेकरी ओरडतो, तीच मी दगडी डोणी. वजनाला जड, म्हणून मला वरच्या दालनात नेलंच नाही, व्हरांड्यात ठेवलं. वर राजेरजवाड्यांची चित्रं, हस्तिदंती पेट्या, नक्षीच्या तलवारी. त्या बघायला लोक कुठून कुठून येतात आणि माझ्यापुढं वाकून बुटाची नाडी बांधतात. माझी तक्रार नाही. पण स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर, त्याला काय करणार?

माझा जन्म पाटोद्याकडच्या एका गावातला. पाथरवटानं काळ्या दगडातून मला कोरलं, काठावर हंसांची रांग काढली आणि बारवेच्या तोंडाशी, पायऱ्या सुरू होतात तिथं बसवलं. पाणी शेंदणाऱ्यानं दोन पोहरे माझ्यात ओतायचे, वाटेवरच्या मुक्या जनावरांनी प्यायचं, असा रिवाज. बैल प्याले, शेळ्या प्याल्या, कुत्रीसुद्धा प्याली. फक्त गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांनी मला हात लावायचा नाही. त्या रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या राहत. कुणाला दया आली तर तो उंचावरून ओती. ऊन चढे, कडेवरची पोरं रडत, आणि मी मात्र काठोकाठ भरलेली! आज कुणी येईल ना, ओतेल ना, या धास्तीत माझे दिवस गेले. दगडालाही लाज वाटते हो.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. बारवेनं तळ दाखवला, मी कोरडी ठणठणीत. मग गावात सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाली आणि तिच्या पंपघराला मी आडवी येऊ लागले. चेअरमन बबनराव कावले, "ह्यो धोंडा काहून ठिवलाय हितं? हलवा!" तेवढ्यात संग्रहालयाचे कुणी साहेब फिरतीवर आले, हंस बघून हरखले, आणि माझी रवानगी ट्रकमध्ये झाली. शहरात उतरवताना मला आपटलं. बुडाला भेग गेली. तिच्यात काहीबाही भरून मला उभं केलं आणि शेजारी पाटी लावली, वर गावाचं नाव, खाली हात लावू नये. गावात जे तोंडी होतं, ते इथं लिहून आलं.

यंदा पुन्हा टँकरचं साल आहे. आज सकाळी दारात गलका झाला. "लई मोटं हाय गं हे!" ते बोल कानावर पडले आणि मी दचकलेच. माझ्याकडच्या बाया! महिला दूध संस्थेची सहल आली होती. सगळ्यांत पुढं संस्थेची चेअरमन मनकर्णा.

"चेअरमनबाई," मागून आमिनाबी चिडवत होती, "गाव नगं म्हनत असताना आनलंय आमाला. काई इपरीत घडलं तर गाव तुमालाच धरंल बरं!"

"तू गप चाल," मनकर्णा हसली, पण डोळ्यांत काळजी होतीच.

पहारेकऱ्यानं हात आडवा घातला. "मावशी, पाणी आत चालत नाही. बाटल्या ओतून टाका."

बाया गांगरल्या. सिंधुबाई म्हणाली, "घरून आनलेलं टँकरचं पानी हाय, दादा. मातीत कसं वतावं?"

मनकर्णेनं इकडंतिकडं बघितलं आणि तिला मी दिसले. "ही डोणी हाय की! हिच्यात वता. कुनीतरी तान्हेला पिईल."

भराभर बाटल्या माझ्यात रिकाम्या झाल्या. इतक्या वर्षांनी अंगाला पाणी लागलं, पण सुख कुठलं? सगळा जीव बुडाच्या भेगेत. मी फुटले तर फुटले, ठपका मात्र हिच्यावर येणार. गावाला बोलायला आयतंच सापडणार.

"हात लावू नका!" पहारेकरी दारातून धावत आला. मनकर्णेचा पुढं आलेला हात तिथंच थिजला. असे थिजलेले हात मी फार पाहिलेत. मग तिची नजर पाटीवर गेली. तिनं गावाचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"आमच्या बारवेची हाय ही," ती हळूच म्हणाली. "माजी आजी हिच्याम्होरं घागर घिऊन उबी ऱ्हायची. हात लावू देत नव्हते."

आमिनाबीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

संग्रहालयाच्या मॅडम आल्या. वाकून त्यांनी भेग तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाणी लगेच काढा, नाहीतर दगड उकलेल." पहारेकरी फरशी पुसायची बादली आणि फडकं घेऊन आला.

"फडकं नका घालू," मनकर्णा आडवी झाली. "चूक माजी हाय, मला बोला. पर प्यायचं पानी हाय ते. आमी काडतो."

मॅडमनी पाटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "काढा. पण हळू."

तिनं दोन्ही हात माझ्यात घातले. मी भेग आवळून धरली होती. ती ओंजळीनं प्याली. मग आमिनाबी प्याली, सिंधुबाई प्याली, सगळ्या प्याल्या. भेगेतून थेंबही गळला नाही.

बाया वर जाऊन चित्रं बघून आल्या आणि गाडीत बसून गेल्यासुद्धा. माझ्या तळाशी, हात पोचत नाही अशा कोपऱ्यात घोटभर पाणी राहिलंय. भेग कुठवर धरेल, ठाऊक नाही. उद्या झाडणारा फडकं घेऊन येईल, त्याची मला धास्ती आहे. तुम्ही तेव्हा इथं असलात तर त्याला एवढं सांगा, आपोआप सुकेपर्यंत राहू दे. मनकर्णेच्या हातचं पाणी आहे ते.