कशाच्या पलीकडे?

खोलीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खिडक्यांवर जाड चादरी, दाराला आतून कडी. निम्मी गल्ली अंधारात घाम पुसत उभी होती. दिवेबाबांनी बटण दाबलं, मंद जांभळा उजेड पडला आणि वहिनीचे तळहात निळसर चमकू लागले.

"सापडला दोष," बाबा म्हणाले. "बाळाचा ताप हिच्या हातांतून येतो. हा साधा दिवा नव्हे, अल्ट्रा आहे. अल्ट्रा म्हणजे देवाची नजर. शुद्ध होईपर्यंत ही आमच्या आश्रमात राहील. बाळ इथेच."

दादाने मान खाली घातली. आई म्हणाली, "बाळासाठी जा गं."

वहिनीने दाराकडे पाहिलं. कडीला पाठ लावून बाबांचा आडदांड चेला उभा होता. "वन्सं," ती माझ्या कानाशी म्हणाली, "ताप उतरला नाही, तर हे मला कधीच सोडणार नाहीत."

मी पुढे झाले. "बाबा, अल्ट्रा हा लॅटिन शब्द आहे. अर्थ एवढाच, 'पलीकडे'. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. नोटा तपासायला दुकानदारही असा दिवा ठेवतात. त्यात देव बसत नाही."

"पोरी, पुस्तकं वाचून पलीकडचं दिसत नसतं."

"मग हात न धुता या, असं का सांगितलंत? आणि प्रत्येक घरात दोष सुनेच्याच हाताला कसा निघतो?"

"आमच्याकडेही सूनच निघाली," शिंपीणकाकू हळूच म्हणाल्या.

"कारण कपडे तीच धुते," मी म्हणाले.

कोपऱ्यातल्या मोरीतून मी धुण्याच्या पावडरीचा डबा आणला. ओली पावडर दादाच्या हाताला चोळली, मग आईच्या. दोघांचेही हात दिव्याखाली उजळले.

"कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत एक द्रव्य घालतात," मी म्हणाले. "ते हे न दिसणारे किरण शोषतं आणि दिसणारा निळसर उजेड सोडतं. वहिनी आत्ताच बाळाचे कपडे धुऊन आली आहे."

"आता सासूलाही न्या, महाराज," मागून कुणीतरी म्हणालं. आई आपल्या हाताकडे बघतच राहिली.

बाबा दिव्याची वायर गुंडाळू लागले. वहिनी बाळाला उचलून दाराशी गेली. "बाजूला हो," ती चेल्याला म्हणाली आणि तिनेच कडी काढली. ऊन आत आलं. त्या उन्हात तिचे हात नुसते हात होते, साबणाने भेगाळलेले.

"डॉक्टरकडे चला," ती दादाला म्हणाली.

न कळणाऱ्या शब्दापुढे हात जोडण्याआधी त्याचा अर्थ विचारावा. कुणी पलीकडचं दाखवायला आलाच, तर कशाच्या पलीकडचं, हे विचारावं. आणि दार उघडं ठेवूनच बघावं.