शंकरप्पांचा आवाज

मुरुमच्या बाजारात रिक्षावरचा भोंगा वाजला, की आवाज शंकरप्पांचाच असायचा. साड्यांचा सेल असो, नाहीतर कुणाची हरवलेली म्हैस, "ऐका हो मुरुमकर, ऐका!" म्हटलं की हॉटेलातल्या गप्पा थांबायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. रिक्षावाले जुनं रेकॉर्डिंग पुसून नवं भरून घ्यायचे, म्हणून तो उरला फक्त अप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरात. कॉम्प्युटर सुरू करावा, चार भाकरी थापून यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतंच.

अप्पांची लेक गायत्री भारी हौशी. अशा म्हाताऱ्या मशीनला पेलेल अशी हलकी, फुकटातली सिस्टीम तिनं इंटरनेटवर धुंडाळून काढली.

"अप्पा, आता तुमचा आवाज झटक्यात लागंल बघा!"

अप्पांनी स्क्रीनवर प्रत्येक जाहिरातीचं चित्र ओळीनं मांडलं होतं. ती सगळी तिनं पेनड्राइव्हवर घेतली. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. एवढं मरतुकडं मशीन आणि एवढी चपळाई! खरं तर तिथंच शंका यायला हवी होती, पण बाई आनंदात होत्या. सिस्टीमनं विचारलं, सगळी डिस्क पुसू? तिनं हो म्हटलं.

मशीन खरंच पळायला लागलं. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. गायत्रीनं पेनड्राइव्ह लावून पहिलं चित्र दाबलं. फाइल सापडत नाही. दुसरं दाबलं. तेच.

अप्पा पुढं वाकले. चित्राच्या कोपऱ्यात बारका बाण असायचा, तिथं त्यांनी बोट टेकवलं, मग कॉम्प्युटरच्या डब्याकडं दाखवलं. तेव्हा गायत्रीला उमगलं. स्क्रीनवर नुसते शॉर्टकट, म्हणजे आवाजाकडं जायचे रस्ते होते. आवाज आत, डिस्कवर होता. आणि तीच तिनं पुसली होती.

तिनं उमरग्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "वरून नवी सिस्टीम टाकलीस व्हय? मग लई अवघड हाय, ताई. आता काय हाती लागंल असं वाटत न्हाय."

फोन ठेवून ती अप्पांच्या पायाशी बसली. रडू आवरेना.

"बोला की अप्पा! शिव्या द्या मला!"

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. गळ्यातून नुसती हवा आली.