उलटं पाणी

“तू जरा बाजूला हो रे,” मी कुंडलिकला म्हणालो. “मध्ये उभा राहिलास की पाणी झाकतंय.”

“माका पाण्याचो फोटो नको, बोर्डाचो होयो,” तो म्हणाला. पण बाजूला झाला.

१९८४ सालचा आश्विन होता. बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगरातून नदी खाली उतरते तिथे, एका ट्रस्टची बाग होती. लोक सहलीला यायचे. माझा दोस्त कुंडलिक त्या बागेचा रखवालदार. बायको जानकीबरोबर फाटकाजवळच्या खोलीत बारा वर्षं राहत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सहलीला आलेला एक गृहस्थ पाय धुवायला खडकांवर उतरला आणि वाहून गेला. पावसाळा संपत आला होता, तरी त्या उतारावर पाण्याला भारी ओढ होती. ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले, तिथे धोक्याचा बोर्डच नव्हता, कुंडलिकनं तो लावलाच नाही. सोमवारी कमिटीपुढे त्याला बोलावलं होतं. नोकरी जाणार, खोली जाणार, आणि वर माणूस मारल्याचा डाग.

बोर्ड होता. जूनमध्ये त्यानं स्वतः खड्डा खणून खांब पुरला होता.

“आत्ता लावलास म्हणतील,” मी म्हणालो.

“म्हणू देत. खांबार रानवेल बघ. पार बोर्डाच्या मानेक पोचली हा. चार दिवसांत वेल इतकी चढता काय?”

ते खरं होतं. म्हणूनच तर मी आलो होतो. तसा मी फोटोग्राफर नव्हे. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत, अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचं आणि छापायचं काम करायचो. मालक शरदभाऊ पुतणीच्या लग्नाला गेले होते. त्यांचा दोन भिंगांचा कॅमेरा मी न विचारता उचलून आणला होता. त्यात वरून, काचेत बघायचं असतं. त्या काचेत मी तासभर पाणी बघत राहिलो. खडकावर आपटून फुटायचं, खळग्यात गरगरायचं, पुन्हा सुटायचं. ऊन कललं तसं ते आतून उजळलं. मी कॅमेऱ्याची झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली. अकरा वर्षं लोकांची तोंडं छापत होतो. असं काही माझ्या हातून पहिल्यांदाच होत होतं. पाणी, बोर्ड, वेल, सगळं त्या काचेत बसलं. कुंडलिकला मी त्यात घेतलं नाही.

रविवारी दुपारी परतीच्या पावसाची एक सर आली. दोन तासांत नदी फुगली आणि खांब घेऊन गेली. आता उरला होता तो फोटोच.

त्याच दिवशी मी तो छापला. फिल्म यंत्रात उलटी बसली की फोटो उलटा येतो. शिकलेले लोक फिल्मच्या कडेची अक्षरं बघून सुलटी बाजू ओळखतात. मी शर्टाचा खिसा बघायचो. खिसा डावीकडे असतो. बायकांचा पदर डाव्या खांद्यावर. गुजराती बायका तो उजव्या खांद्यावर घेतात, हे कळायला घाटकोपरच्या एका लग्नाचा अख्खा अल्बम मला उलटा छापावा लागला होता. बोटांना फिल्मची बाजू कळते म्हणतात, पण या कॅमेऱ्याच्या मोठ्या रोलच्या दोन्ही बाजू सारख्याच लागतात, आणि औषधाच्या पाण्यानं माझी बोटं बधिर झाली होती.

या फोटोत ना खिसा, ना पदर. मी नदी आठवली. तासभर बघितलेली, उजवीकडून उतरणारी. तशीच छापली. बोर्डावरची अक्षरं भिंग लावून पाहिली. काळी, ठसठशीत आली होती. बरं वाटलं.

सोमवारी सकाळी कुंडलिकनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला.

“बरोबर हा मां?”

“झकास आलाय. पाणी बघ, पिंजलेला कापूस!”

दुपारी तो स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसला.

“सेक्रेटरी हसले,” तो म्हणाला. “म्हणाले, ही आपली नदीच नाही. आपल्याकडे पाणी डावीकडून येतं. आणि अक्षरं काय आरशात बघून काढलीत? पुढच्या वेळेस खोटा बोर्ड करशील तर लिहिता येणारा माणूस धर.”

“मग तू काय बोललास?”

“काय बोलतलंय? खोली खाली करूक सांगितल्यानी.”

मंगळवारी शरदभाऊ परतले. मी फोटो पुढे केला. एक नजर टाकून ते म्हणाले, “धाकू, उलटा छापलास की रे! कॅमेऱ्याच्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. पण ही अक्षरं? वाचली नाहीस?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग गिऱ्हाइकांची पाकिटं कशी देतोस?”

“तोंडं ओळखतो, भाऊ.”

स्वतः अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यांनी सुलटा फोटो छापून दिला. तो घेऊन मी सेक्रेटरींकडे पळत गेलो.

“काल एक, आज दुसरा,” ते म्हणाले. “उद्या तिसरा आणाल. जा आता, सह्या झाल्यात.”

कुंडलिक सामान बांधत होता. जानकीवहिनी चुलीवरची भांडी गोणपाटात भरत होत्या. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. मला वाचता येत नाही, हेसुद्धा. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो.

“पाणी उलटा वाहता, ता माका दिसला होता,” कुंडलिक म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“माका वाटला, फोटोत तसाच दिसता. माका काय कळता? शिकलेलो तू.”

वहिनी वाकलेल्या होत्या, त्या सरळ झाल्या. “बारा वर्षां त्या पाण्याकडे बघतास,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आणि तोंड उघडूक नाय?” मग माझ्याकडे पाठ करून पुन्हा भांडी भरू लागल्या.

ते माहुलला गेले, वहिनींच्या भावाकडे. त्या दिवाळीनंतर मी महापालिकेच्या शाळेतल्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. वय बेचाळीस. जोडाक्षरांनी छळलं.

पुढच्या दिवाळीआधी मी माहुलला गेलो. कुंडलिक एका वखारीच्या दारात स्टुलावर बसला होता. घरी घेऊन गेला. मी सुलटा फोटो काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं आधी पाण्यावरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे. मग बोर्डावर ठेवलं.

“काय लिवला हा?”

“पाणी खोल आहे. पुढे जाऊ नये,” मी वाचलं.

“इतक्याच?”

“इतकंच.”

त्यानं बोट त्या दोन ओळींखालून नेलं.

“परत वाच,” तो म्हणाला. “जरा मोठ्यान वाच. जानकी आत हा.”