समोर फुटणारे थेंब

बाईंनी सुईच्या टोकाला लोंबणारा थेंब काळ्या भुकटीच्या थाळीत सोडला आणि थाळी हलकेच कलती केली. थेंब गडगडत गेला, जाता जाता अंगाभोवती भुकटी लपेटत गेला आणि पलीकडच्या कडेला पोचला तेव्हा मिऱ्याच्या दाण्यासारखा दिसू लागला. आत पाणी, बाहेर लोखंडाची भुकटी. काचेवर ठेवला तरी काच ओली होत नव्हती. बाईंनी काचेखालून लोहचुंबक सरकवलं, तसा थेंब निमूट त्याच्या मागोमाग आला.

असे थेंब त्यांनी ओळीने मांडले. एकही फुटला नाही.

"बघा," त्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांना म्हणाल्या, "भुकटी तीच, सुई तीच. फरक हाताचा."

नळ्या पुसता पुसता काकांनी नुसतं "हं" केलं. त्या "हं"मध्ये होकार किती आणि नकार किती, हे इतक्या वर्षांत कुणाला कळलं नव्हतं.

हात म्हणजे धाकटीचा. ती प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आली, म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगातून नळीभर रक्त काढताना डॉक्टरांच्याही जिवावर येतं. तीच तपासणी अशा एका थेंबात व्हावी, यासाठी सगळा खटाटोप होता. त्याहून जोरदार चुंबक जवळ आणलं की भुकटीचं कवच उघडायला हवं, त्याआधी नाही. धाकटीचे थेंब मात्र बाई बघायला वाकल्या रे वाकल्या की आपसूक फुटून काचेवर पसरत. एरवी नीट राहतात, असं ती सांगे.

"माझ्यामागे राहतात, समोर फुटतात. थेंब आहेत का शाळेतली पोरं?" बाई भर बैठकीत म्हणाल्या होत्या आणि सगळे हसले होते. काल तर त्यांनी संचालकांना सांगूनच टाकलं होतं, मुलीचा हात थरथरतो, काम दुसऱ्या कुणाला द्या. आज दुपारच्या चहाला ते जाहीर व्हायचं होतं.

"बाई, तुमचं सॅनिटायझर," काकांनी कपाटातली नवी बाटली आणून ठेवली. "कालची संपली ना."

बाईंनी सवयीने हातावर घेतलं आणि बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत चोळलं. नवऱ्याच्या आजारपणात ही सवय लागली होती. साधी सर्दीही त्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो गेला, त्याला वर्ष उलटलं. हात चोळणं राहिलं.

ओले हात टेबलावर टेकून त्या कौतुकाने आपल्या थेंबांवर वाकल्या.

पहिला थेंब खचला. मग शेजारचा. मग सगळी ओळच बसली आणि काचेवर काळपट डाग तेवढे उरले. कुणी कशाला हात लावला नव्हता.

बाईंनी मोरीपाशी जाऊन हात साबणाने धुतले, कोरडे केले, नवे थेंब केले. वाकून पाहिलं. थेंब जागच्या जागी. पुन्हा हात चोळून नुसता तळवा जवळ नेला. फुटले. पाण्याने न भिजणारी ही भुकटी सॅनिटायझरमधल्या स्पिरिटची नुसती वाफ लागली तरी भिजते, हे त्या दरवर्षी नव्या मुलांना शिकवत. काका कधी बाहेर निघून गेले, ते त्यांना कळलं नाही.

धाकटी आली तेव्हा त्या काच पुसत होत्या. तिने आधी काचेकडे पाहिलं, मग बाटलीकडे, आणि पिशवी खांद्यावरून उतरवायची विसरली.

"तुला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग एका शब्दाने बोलायचं होतंस."

"बोलले होते, बाई."

बाईंनी मान वर केली.

"पावसाळ्याच्या आधी, बैठकीत. तुमच्या हाताला स्पिरिट असतं, त्याने होत असेल का, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, आता माझेच हात कलम करा."

बाईंना आठवेना. वाक्य मात्र त्यांचंच होतं. दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं. आपण ते कसं म्हटलं असेल, कुणाकडे बघून म्हटलं असेल, हेही त्यांना दिसलं. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी त्या पुसत राहिल्या.

"नंतर काकांनी सांगितलं तुमच्या घरचं," धाकटी म्हणाली. "मग पुन्हा नाही काढला विषय. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. नंतर नंतर तुम्ही आलात की हात खरंच थरथरायला लागला."

"मी आत्ताच्या आत्ता संचालकांकडे जाते."

"जा." तिने पिशवी खांद्यावरून उतरवली. "पण तिथे दार लावून नका सांगू. मला बोललात तेव्हा सगळे होते."

बाईंनी होकारार्थी मान हलवली. वर बघायचं धाडस झालं नाही.

चहाच्या खोलीत नेहमीसारखी दाटी होती. संचालक खाकरून बोलायला लागले, तेवढ्यात बाई पुढे झाल्या. थेंब धाकटीमुळे फुटत नव्हते, माझ्यामुळे फुटत होते, इथपर्यंत त्या सरळ बोलल्या. मग सॅनिटायझर हा शब्द आला आणि खोलीतले सगळे चेहरे एकदम मऊ झाले. कुणी म्हणालं, बाई, राहू द्या. कुणी म्हणालं, तुमच्यावर काय कमी गुदरलंय. संचालकांनी तर समजूतदारपणे हातच वर केला, त्यात एवढं काय, होतं असं. कुणीतरी बाईंच्या मागे खुर्ची आणून ठेवली.

इतकी माया एका ठिकाणी त्यांना पुष्कळ दिवसांत मिळाली नव्हती. बसलं की संपणार होतं. बोलणंही आणि धाकटीचं प्रकरणही. दाराशी धाकटी कप धरून उभी होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

बाईंनी खुर्ची मागे सारली.

"माझं घरचं मधे आणू नका," त्या म्हणाल्या. "हिने मला विचारलं होतं. तुमच्यासमोर. तुम्ही सगळे हसलात, कारण मी हसवलं. ते आधी ऐका."