कागदावर तेल, खोक्यात काढा

मी बाटली बोलतेय. तपकिरी काचेची, तारेच्या बुचाची. आणि हो, मला बुचाला धरून उचलायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म बेल्जियमचा. तिथल्या योरिसला घरी बियर करायचं वेड. तसंच वेड महाराष्ट्रातल्या लोहाऱ्याच्या शौनकला. हा तहसील कचेरीत कारकून, वय पस्तीस. दोघांची ओळख मोबाइलवरची, समोरासमोर भेट कधी नाही, पण रोज गप्पा एकच: तुझी किती दिवस आंबली, माझी किती दिवस आंबली.

योरिसनं आम्हा दोघी जुळ्या बहिणींना बियर भरून लोहाऱ्याला धाडलं. पार्सलच्या कागदावर लिहिलं, 'शोभेची काच'. ही घरी बियर करणारी मंडळी एरवी सरळमार्गी, पण त्या कागदावर बिनदिक्कत खोटं लिहितात.

शौनकनं आम्हाला दोन दिवसांत रिकामं केलं. मग सहा महिने खपून स्वतः ज्वारीची बियर केली. योरिसच्या बारा जणांच्या मंडळाचं म्हणणं होतं की ज्वारीची बियर होतच नाही. होते, हे दाखवायचं आणि मंडळाच्या यादीत तेरावं नाव आपलं लावायचं, या एकाच गोष्टीनं शौनकची झोप उडवली होती. पण मे महिन्याच्या उन्हानं त्याच्या बाकीच्या बाटल्या एकेक करून फुटल्या. माझ्या बहिणीत भरलेली तेवढी वाचली.

आणि मी? मला त्याच्या आईनं, चंद्रप्रभाबाईंनी, राखेनं घासून घेतलं आणि माझ्यात घाण्यावरचं करडईचं तेल भरलं. मी बियरच्या घराण्यातली, आणि माझ्या नशिबी फोडणी. पहिले चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. पुढं रमले. मराठीसुद्धा स्वयंपाकघरातल्या फळीवर बसूनच शिकले.

शौनकचे वडील दत्तोपंत म्हणजे मराठीचे निवृत्त मास्तर. त्या घरात दारू हा शब्द फक्त निबंधाच्या विषयात यायचा. म्हणून शौनकनं आईला बजावलं होतं, "आई, त्या दुसऱ्या बाटलीत काढा आहे. हात लावू नको."

योरिसला पार्सल धाडायच्या दिवशी त्यानं माझ्या बहिणीला भुशाच्या खोक्यात निजवलं. बियर म्हटलं तर कुरिअरवाले घेत नाहीत, म्हणून कागदावर लिहिलं, 'खाद्यतेल'. खोकं उघडंच ठेवलं, कारण येणारा माणूस आत बघून मग चिकटपट्टी लावतो. "दुपारी माणूस येईल, देऊन टाक," म्हणाला आणि कचेरीत गेला.

चंद्रप्रभाबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. मग खोक्यात बघितलं. "काय बाई हा पोरगा! कागदावर तेल, खोक्यात काढा. लक्ष कुठं असतं याचं?"

झालं. बहीण बाहेर, मी आत. त्याआधी मला गळ्यापर्यंत भरलं. "त्यांची बाटली आहे. अर्धी कशी पाठवायची?" असं स्वतःशीच म्हणाल्या. लेकाची चूक निस्तरल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात दत्तोपंत खोकले.

"अहो, शौनकनं काढा केलाय. घेता का वाटीभर?"

"फसफसतोय गं हा."

"जोर असेल त्याच्यात. घ्या गुमान."

पहिल्या वाटीला त्यांनी नाक मुरडलं. दुसरी मुकाट्यानं घेतली. तिसरीला वाटी स्वतःच पुढं केली. मग बाजेवर बसून भिंतीवरच्या घड्याळाला कर्मणी प्रयोग समजावून सांगितला आणि भरदुपारी घोरायला लागले. मी खोक्यातून सगळं बघत होते, पण सांगणार कुणाला? कुरिअरवाला आला आणि मी निघाले.

वाटेत एका विमानतळावर साहेबानं खोकं उघडलं, माझं बूच काढलं, वास घेतला, कागद बघितला. कागदावर तेल, बाटलीत तेल. त्यानं शिक्का मारला. बहीण असती तर तिथंच धरली असती. या लोकांच्या पार्सलांच्या इतिहासात खरा निघालेला हा पहिलाच कागद असावा.

योरिसच्या घरी बारा जण जमले होते. टेबलावर मोबाइल उभा केला होता. त्यात इस्त्रीचा सदरा घातलेला शौनक, मागं चंद्रप्रभाबाई, बाजेवर दत्तोपंत. योरिसनं मला ओतलं. फेस नाही. सगळ्यांनी पेले फिरवले, हुंगले आणि सभ्य माणसं असल्यामुळं प्यायले.

"फेस नाही," योरिस बराच वेळ विचार करून म्हणाला. "पण अंगानं भरदार आहे. आणि चव जिभेवरून जातच नाही."

शौनकचा चेहरा पडला.

"अरे, ते तेल पितायत का?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"तेल? आई, तेल कसं गेलं?"

"कागदावर तूच लिहिलं होतंस की."

"मग माझी बियर कुठं..." शौनक थांबला. वडिलांदेखत शब्द निघून गेला होता.

"काढा मी प्यालो," बाजेवरून दत्तोपंत म्हणाले. "पहिल्या वाटीला मला तो काढाच वाटला. दुसऱ्या वाटीला कळलं."

"मग बाबा, तिसरी?"

"दोन वाट्यांवर मार्क देता येत नाहीत. ज्वारी कुठली?"

"आपलीच. मालदांडी."

"चांगली उतरलीय. त्यांना सांग, होते ज्वारीची बियर. मी मास्तर आहे, मी तपासलीय, असं सांग."

शौनकनं सांगितलं. मंडळानं तेरावं नाव शौनकचं लिहिलं आणि चौदावं दत्तोपंतांचं, परीक्षक म्हणून. चंद्रप्रभाबाईंनी लेकाला बाजूला सारून बारा जणांना सांगितलं की ते पिऊ नका, शेंगाच्या चटणीवर घ्या. चटणी तिथं कुणाकडं नव्हती. पावावर घेतलं बिचाऱ्यांनी, आणि आठवड्यात मला संपवलं.

आता योरिसनं मला तीनदा धुऊन पुन्हा बियर भरलीय. पण तेलाचा अंश जायचा नाही. माझ्यात फेस आता काही टिकणार नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. उद्या मी लोहाऱ्याला निघतेय. खोक्यावर नाव दत्तोपंतांचं आहे, आणि कागदावर योरिसनं शौनकला विचारून वेड्यावाकड्या मराठीत लिहिलंय, 'काढा'.

तेवढी एक विनंती आहे, चंद्रप्रभाबाई. या खेपेला कागद वाचून बाटली बदलू नका. दत्तोपंत खोकले, की सरळ वाटी काढा.